कडू कसावा: नकलेला अक्कल लागते की नाही?

कंदमूळ: साबुदाणा ज्या कंदाचा होतो, त्या कसाव्याच्या कडू जातींत सायनाइड असतं. अ‍ॅमेझॉनकडचे लोक तोच कंद रोज खातात. रसायनशास्त्राचा गंध नसताना विष काढायची रीत बसली कशी? आणि मानवी उत्क्रांतीच्या चर्चेत हा कंद सारखा का येतो?

पानफुटी: आधी रीत. अ‍ॅमेझॉनच्या कोलंबियाकडच्या भागातल्या तुकानो जमातीच्या बायका कंद सोलून किसतात, कीस धुऊन चोथा, सत्त्व आणि पाणी वेगळं करतात. पाणी उकळूनच पितात. चोथा आणि सत्त्व आणखी दोन दिवस ठेवतात, मग भाकरी भाजतात.

सगळी मेख किसण्यात आहे. ज्यातून सायनाइड सुटतं ते द्रव्य, लिनामारिन, पेशीच्या आत; ते फोडणारं एन्झाइम पेशीभित्तीत. किसलं की दोघांची गाठ पडते आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड सुटतो. तो 26 अंशांनाच उकळतो, त्यामुळे उडून जातो. मोठे तुकडे थेट उकडले तर एन्झाइम मरतं आणि लिनामारिन बरंचसं आतच राहतं.

तिरकस: पण नुसतं उकडूनही कडूपणा जातो, लगेच काही होत नाही. मग दोन दिवस वाया कोण घालवेल?

पानफुटी: तिथेच तर गोम आहे. उरलेलं विष हळूहळू भिनतं, गलगंडासारखा त्रास दिसायला वर्षं लागतात. तेव्हा दोष कंदाला कोण देणार? पोर्तुगीजांनी 16व्या शतकात कंद आफ्रिकेत नेला, ही सगळी रीत काही सोबत गेली नाही. मोझांबिकमध्ये 1981च्या दुष्काळात भुकेपोटी कंद नीट प्रक्रिया न करताच खाल्ले गेले. हजाराहून जास्त लोकांचे पाय कायमचे ताठरले. या रोगाला कोन्झो म्हणतात.

उंबरठा: याला 2005चा एक प्रयोग जोडून बघा. पारदर्शक पेटीतून खाऊ काढताना दाखवलेली निरर्थक कृती चिंपांझींनी गाळली, तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र जशीच्या तशी केली. पेटीपुरता चिंपांझी हुशार. कसाव्यापुढे तीच हुशारी नडेल. कारण न कळता मोठ्यांचं हुबेहूब उचलणारा मेंदू अशाच कामांत टिकला असावा. रीतींमुळे माणसाची जनुकं बदलली, याचा हा थेट पुरावा नव्हे, बरं का. तो हवा तर दुधाचं उदाहरण घ्या: दुभती जनावरं आधी आली, मोठेपणीही दूध पचवणारं जनुक युरोपात हजारो वर्षांनी पसरलं.

कंदमूळ: मग उपासाच्या साबुदाण्याचं काय?

पानफुटी: तो किसून, धुऊन, निवळलेल्या सत्त्वाचा असतो. खिचडी बिनघोर खा. कडू कसाव्याचं पीठ असेल तर मात्र पाण्यात कालवून सेंटिमीटरभर थर पसरा, सावलीत पाच तास ठेवा, मगच शिजवा. थर जाड झाला तर खालचा वायू आत अडकतो.