मदत हवी आहे: सोलर असून भाडेकरूंना गरम पाणी नाही, त्यात रोज एमसीबी पडते (सातारा)

गोडोलीकर:
साताऱ्यात घर आहे, वरचे दोन मजले पोरींना भाड्यानं दिलेत. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली आणि सकाळी सोलरला गरम पाणी येत नाही म्हणून रोज फोन. पोरींनी पाणी तापवायचे रॉड आणलेत. साडेसहाला एमसीबी पडते आणि ७२ वर्षांचे वडील बॅटरी घेऊन मीटरपाशी जातात. सोलरवाला दोनदा येऊन सगळं ठीक आहे म्हणून गेला. डिसेंबरात थंडी आणखी वाढेल, त्याआधी काय करू? मी पुण्याला असतो, शनिवार-रविवारच हातात आहे. लवकर सांगा.

वायरमन_मिरज:
माणसं किती? सोलर किती लिटरचं, काचेच्या नळ्यांचं का? पाणी बोअरचं की नगरपालिकेचं? मेन एमसीबी किती अँपिअरची? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

वाईची_माहेरवाशीण:
दादा, तांब्याचा बंब घ्या. आमच्याकडे अजून पहाटे पाचला पेटतो. नारळाच्या शेंड्या आणि चार ढलप्या घातल्या की घरभर पाणी होतं. बंबाच्या पाण्यानं अंग जसं शेकतं तसं गीझरच्या पाण्यानं नाही.

कुपवाडकर:
दुसऱ्या मजल्यावर पोरी बंब कुठे पेटवतील, ताई? गॅस गीझर लावा. माझ्या पाच खोल्यांत आहेत, कामगार खूश. सिलिंडर त्यांनीच आणायचा, आपल्याला बिलाची कटकट नाही.

परिचारिका_कराड:
गॅस गीझर बाथरूमच्या आत अजिबात नको. कोंदट जागेत ज्योत नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास ना रंग. माणसाला डोकं जड वाटतं, मळमळतं आणि कडी काढायच्या आत तो खाली बसतो. थंडीत तर खिडकीला पुठ्ठा लावून अंघोळ करतात. लावायचाच तर गॅलरीत, उघड्या हवेत, आत फक्त पाण्याचा पाइप. आणि भाडेकरूंना सांगून ठेवा, रात्री खोलीत शेगडी पेटवून दार लावून झोपायचं नाही. तोच वायू तिथेही होतो.

कुपवाडकर:
माझ्याकडे सहा वर्षांत काही झालेलं नाही. जाळीची खिडकी आहे.

परिचारिका_कराड:
ती खिडकी उघडी आहे का, हे जानेवारीत पहाटे जाऊन बघा. भांडायचं नाही मला, पण त्या खोल्यांत माणसं राहतात.

नागठाण्याचा_पाटील:
एमसीबी ३२ ची असेल. काढून ६३ ची बसवा, पडायची बंद होईल.

वायरमन_मिरज:
पाटील, असलं सांगू नका. रॉड १५०० वॅटचा. सहा रॉड एकदम लागले की ९ किलोवॅट, म्हणजे ३९ अँपिअर. ३२ ची पडणारच, वायर वाचवायलाच ती असते. ६३ ची बसवली तर ती पडणार नाही, भिंतीतली वायर तापेल. रॉडसाठी १६ अँपिअरचा सॉकेट, मागं अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि अर्थिंग हवंच. मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, करंट गळला की ती लगेच वीज तोडते. बादलीत रॉड असताना हात घालून पाणी बघायची सवय वाईट.

सदरबझार_४१५००१:
पोलिसांत भाडेकरूंची माहिती दिलीय ना? करार नोंदवलाय? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची.

गोडोलीकर:
करार नोंदवलेला आहे, पाण्याचं बोला. बारा पोरी, चार बाथरूम. सोलर ३०० लिटर, नळ्यांचं, पाच वर्षं झाली. पाणी नगरपालिकेचं. मेन ३२ चीच. आणि जी रॉड लावेल तिच्या खोलीची वीज बंद करीन असं सांगू का? वडिलांची दगदग बघवत नाही.

सदरबझार_४१५००१:
तसं करू नका. त्याच कायद्याचं कलम २९ वाचा, अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई आहे. लीव्ह अँड लायसन्सला ते लागतं का यावर वकील भांडतील, पण ऐन थंडीत वीज तोडणं मुळातच बरं नाही.

कृष्णाकाठ_सांगली:
तुमचं पाण्यावरच भागलं. २०१९ च्या पुरापासून माझ्या तळमजल्याच्या भिंती ओल धरतात, थंडीत कपाटामागं बुरशी येते. कोणता रंग लावू?

वायरमन_मिरज:
त्याला वेगळा धागा काढा. गोडोलीकर, माणशी २५ लिटर धरलं तर ३०० पुरायला हवं. सोलरच्या टाकीपाशी संध्याकाळी पाणी कसं असतं आणि पहाटे कसं? गच्चीवर सकाळी किल्ल्याची सावली येते का?

गोडोलीकर:
सावली नाही. संध्याकाळी पाच वाजता हात पोळतो, पहाटे कोमट. मागच्या वर्षी असं नव्हतं. एक पोरगी म्हणते रात्री पंप आपोआप घरघरतो आणि सोलरच्या टाकीवरच्या व्हेंट पाइपातून (हवा जायच्या नळीतून) पाणी सांडतं.

वायरमन_मिरज:
कुठला पंप?

गोडोलीकर:
प्रेशर पंप. वरच्या मजल्यावर शॉवरला जोर नव्हता म्हणून एप्रिलमध्ये गार पाण्याच्या लाइनला बसवला. त्याचा सोलरशी काय संबंध?

वायरमन_मिरज:
हे आधी सांगायला हवं होतं. गार लाइनला पंपाचा जोर, गरम लाइन नुसती उतारानं. कुणीतरी हँड शॉवरचं बटण तेवढं बंद करतं, मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहतात. मग गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत शिरतं आणि उलटं सोलरच्या टाकीत चढतं. म्हणून व्हेंट सांडतो, म्हणून पंप रात्री चालतो. उन्हाळ्यात गरम पाणी कुणी मागितलं नाही, म्हणून कळलं नाही. आज रात्री दहाला पंप बंद करा, पहाटे बघा.

वाईची_माहेरवाशीण:
पंप बंद केल्यावर वरच्या पोरींना शॉवर कसा येणार? बंब असता तर हा घोळच नसता.

गोडोलीकर:
वडिलांनी काल पंप बंद ठेवला. आज सहाला चारही बाथरूममध्ये कडक पाणी. एकीनंही रॉड लावला नाही, एमसीबी पडली नाही. वायरमन दादा, खूप आभारी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या सापडल्या. आता कायमचं काय करू? पंप तर लागणारच.

वायरमन_मिरज:
प्रत्येक बाथरूमच्या गरम लाइनीला मिक्सरच्या आधी नॉन रिटर्न वॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा. पितळी, झडपेचा घ्या. स्प्रिंगचा नको, उताराच्या पाण्याला तेवढा जोर नसतो. आडव्या पाइपात बसवा, बाण मिक्सरकडे. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. आणि आरसीसीबी विसरू नका, रॉड खोलीत आहेत तोवर कुणीतरी लावणारच.

गोडोलीकर:
शनिवारी दोन्ही करून घेतो. खर्च माझाच, पोरींना मागणार नाही.