प्रौढ शिक्षणाचं डिजिटल साहित्य: एकदा केलं की कुठेही चालतं का?

खडूफळा
टक्केवारी, अर्ज भरणं, ईमेलला फाइल जोडणं, औषधाचा डोस वाचणं. प्रौढांच्या वर्गात फिरून फिरून हेच विषय येतात, तरी प्रत्येक संस्था आपली वेगळी चूल मांडते. 'मुक्त शैक्षणिक संसाधने' (कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल असं साहित्य) ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ च्या बैठकीतून पुढे आली आणि २०१९ मध्ये युनेस्कोने त्यावर शिफारसपत्रही मंजूर केलं. मग गाडं अडतं कुठे? माझ्या मते विषयात नाही, बांधणीत.

निवेदनात "मागच्या धड्यात पाहिलं तसं" एवढं एक वाक्य आलं की तो व्हिडिओ त्या मालिकेबाहेर निकामी. आकृतीतली नावं जेपीईजीत चिकटवली की भाषांतर करणाऱ्याला अख्खी आकृती नव्याने काढावी लागते. एसव्हीजी या प्रकारच्या चित्र-फाइलीत अक्षरं अक्षरंच ठेवली तर तेवढीच बदलता येतात. निवेदन आणि संगीत एकाच ट्रॅकवर मिसळलं तर दुसऱ्या भाषेतला आवाज घालायला जागाच उरत नाही. ॲपचे स्क्रीनशॉट सगळ्यांत लवकर शिळे होतात, ते मुख्य धड्यात नकोतच, वेगळ्या पानावर ठेवावेत. एका तुकड्यात एकच उद्दिष्ट, पाच-सात मिनिटं आणि शेवटी करायला एक काम. एवढं पाळलं तर तोच धडा कुठेही चालेल.

अर्धविराम
चालेल, पण शिकवेल का? मुक्त साहित्याचे अभ्यासक डेव्हिड वायली यांनी हा पेच फार पूर्वीच मांडला आहे: साहित्यातून संदर्भ जितका काढाल तितकं ते जास्त ठिकाणी बसतं आणि तितकंच कमी शिकवतं. "टक्का म्हणजे शंभरातला भाग" हे वाक्य जगात कुठेही चालतं आणि कुणाच्याच उपयोगी पडत नाही. प्रौढाला 'हे मी का शिकू?' याचं उत्तर आधी लागतं, हे प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांच्यापासून सगळे सांगत आलेत.

आता हे बघा: 'महिना २ टक्के' आणि 'वर्षाला १८ टक्के' यांत स्वस्त कर्ज कोणतं? बरेच जण २ वर बोट ठेवतात. इथे टक्केवारी डोक्यात शिरते, कारण प्रश्न खिशाचा आहे.

खडूफळा
@अर्धविराम, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. हे उदाहरण कर्ज देणंघेणं चालतं तिथे सगळीकडे लागू आहे. संदर्भ असूनही पुन्हा वापरता येतंच की!

अर्धविराम
नाही येत. दहा हजारांवर महिना २ टक्के, मुदत एक वर्ष. व्याज दर महिन्याला चुकतं केलं आणि मुद्दल शेवटी एकदम फेडलं, तर व्याज २,४००. तेच बारा समान हप्ते घटत्या शिलकीवर असतील तर साधारण १,३५०. दर तोच, उत्तरात हजाराचा फरक. शिकणाऱ्याच्या हातातल्या कागदावर यातलं काय लिहिलंय, ते तुमच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओला कसं कळणार? तो पहिला प्रकार शिकवेल आणि दुसऱ्या प्रकारचा माणूस चुकीचा आकडा घेऊन घरी जाईल.

खडूफळा
मान्य. म्हणूनच उदाहरण गाभ्यात कोंबायचं नाही. गाभा तीन मिनिटांचा: दर, मुदत आणि व्याज कशावर लागतंय ते शोधणं. उदाहरणाची जागा मोकळी आणि ती कशी भरायची याचं एक पान शिक्षकासाठी: वर्गातल्या खऱ्या कराराचा नमुना आणा, नाव-खाते क्रमांक झाका, तीन प्रश्न विचारा.

जोडकाम
मोकळी जागा भरायची तर फाइल उघडता आली पाहिजे ना? घोडं तिथेच पेंड खातं. बहुतेक संस्था एकमेकांना स्कॉर्मचं (ऑनलाइन धडे बांधण्याच्या एका ठरलेल्या मानकाचं) पॅकेज देतात. ते कुठल्याही एलएमएसवर (ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या प्रणालीवर) चालावं म्हणून आहे, कुणी दुरुस्त करावं म्हणून नाही. ज्या साधनात बनवलं त्याची मूळ फाइल नसेल तर एक आकडा बदलायचीही पंचाईत.

चालण्याचंही सगळं आलबेल नसतंच. झिप करताना फोल्डरच्या आतल्या फाइली निवडायच्या, फोल्डर नाही. नाहीतर आयएमएसमॅनिफेस्ट डॉट एक्सएमएल ही पॅकेजमध्ये काय आहे ते सांगणारी फाइल एक पायरी आत जाते आणि एलएमएस पॅकेज नाकारतो. दुसरी अडचण जास्त छळते. स्कॉर्म १.२ मध्ये 'कुठवर आलो' ही नोंद ठेवायला ४,०९६ अक्षरांचीच हमी आहे. लांबलचक कोर्स एकाच पॅकेजमध्ये भरला की ती पुरत नाही आणि शिकणारा परत आला की पुन्हा पान पहिलं. कामातून वेळ काढून तुकड्या-तुकड्याने शिकणाऱ्याला हे एकदा-दोनदा झालं की तो येतच नाही. या बाबतीत लहान पॅकेजं बरी, खडूफळांचा मुद्दा पटतो. एचफाइव्हपी हे धडे बनवायचं साधन वापरलंत तर उतरवलेली फाइल दुसऱ्याला पुन्हा संपादितही करता येते, बनवणाऱ्याने डाउनलोडचं बटण चालू ठेवलं असेल तर. पुष्कळदा ते बंदच असतं.

कलम_तीन
फाइल उघडली म्हणजे बदलायची परवानगी मिळाली असं नव्हे. सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्यात 'एनडी' (बदल करून वाटू नका) असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही, कारण भाषांतर हेही रूपांतरच. आणि 'बीवाय-एसए'चा (श्रेय द्या, त्याच परवान्यावर वाटा) मजकूर व 'बीवाय-एनसी-एसए'चा (वर व्यापारी वापर नको) मजकूर मिसळून एक नवा धडा करता येत नाही. दोघांचीही अट 'माझ्याच परवान्यावर द्या' अशी. शेजारी शेजारी स्वतंत्र ठेवा, चालेल. फी घेणाऱ्या वर्गात 'एनसी' चालतं का यावर वाद घालत बसण्यापेक्षा नवं साहित्य सरळ 'बीवाय'वर (फक्त श्रेय द्या) द्यावं. आत वापरलेल्या प्रत्येक चित्राचं शीर्षक, कर्ता, स्रोत आणि परवाना तेव्हाच लिहून ठेवा. नंतर शोधायला गेलं की एका चित्रापायी अख्खा धडा बाजूला पडतो.

अर्धविराम
परवाना झाला, मूळ फाइल झाली. ती मोकळी जागा भरणार कोण? प्रौढ शिक्षणात पुष्कळ शिक्षक तासावर काम करतात आणि तास म्हणजे वर्गातला तास. नमुना शोधणं, नाव झाकणं, प्रश्न बदलणं, फाइल पुन्हा चढवणं, यात दोन तास सहज जातात आणि ते कुठल्याच हिशेबात धरलेले नसतात. मग तो काय करणार? जागा रिकामी ठेवून गाभाच लावणार. म्हणजे पुन्हा "शंभरातला भाग".

खडूफळा
तर मग अंदाजपत्रकात 'साहित्यनिर्मिती'च्या खाली 'रूपांतर' असा वेगळा रकाना टाका, शिक्षकाच्या तासांच्या दरानेच. सगळं नव्याने बनवण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

अर्धविराम
तो रकाना असलेलं एक तरी अंदाजपत्रक इथे टाका, मग पुढे बोलू.