मदत हवी आहे : ऑक्टोबरच्या सुट्टीत थायलंडची कोणती बेटे?

नमस्कार. मी बँकॉकमधील एका शाळेत शिकवते. ऑक्टोबरमध्ये दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत पुण्याहून माझ्या मैत्रिणी येत असून, आठवडाभर बेटांवर फिरण्याचा आमचा विचार आहे.

अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे फुकेत, क्राबी येथे, नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर ऑक्टोबरपर्यंत टिकतो आणि सिमिलान बेटे तर त्या महिन्याच्या मध्यापर्यंत बंदच असतात. म्हणून रात्रीच्या रेल्वेने चुम्फोन गाठून तेथून बोटीने को ताओ, मग को फांगान व शेवटी को सामुई असा थायलंडच्या आखातातील मार्ग मला अधिक योग्य वाटतो. तिकडचा मोठा पाऊस नोव्हेंबरात असला, तरी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात समुद्र कितपत खवळलेला असतो? एका मैत्रिणीला बोट लागते, त्यामुळे मला याचीच अधिक काळजी वाटते.

दुसरी मैत्रीण जैन आहे. येथे साध्या परतलेल्या भाजीतही माशाचा सॉस सर्रास पडतो. मात्र पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ (थाई भाषेत कडक शाकाहार) लिहिलेल्या दुकानांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. अशी दुकाने को ताओसारख्या लहान बेटावर मिळतात का, की स्वयंपाकाची सोय असलेली खोलीच घ्यावी? त्या दिवसांत जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे. रेल्वेची तिकिटे लवकरच काढायची आहेत.