मदत हवी आहे : ‘हू सेल्स फिश?’ या प्रश्नात ‘डझ’ का नाही, हे मुलांना कसे सांगावे?

नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात सातवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. ‘ही सेल्स फिश’ हे होकारार्थी वाक्य सर्वांना जमते. परंतु ते नकारार्थी करायला सांगितले, की निम्म्या वह्यांत ‘ही डझ नॉट सेल्स फिश’ असे उतरते, आणि प्रश्न करताना तर मूळ वाक्यापुढे नुसते प्रश्नचिन्ह ठेवले जाते. त्यांना तरी काय बोलावे, मराठीत ‘तो मासे विकतो’ला ‘का’ जोडला की काम भागते!

‘एस’ हा ‘डझ’मध्येच सामावला, म्हणून पुढे नुसते ‘सेल’ उरते, हे मी फळ्यावर ‘एस’ पुसून दाखवते. ‘इज’ आणि ‘कॅन’ यांना ‘डू’ची मदत लागत नाही, हेही त्यांना पटते. अडते ते ‘हू सेल्स फिश?’पाशी. काल रापणीवर (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून होणाऱ्या मासेमारीवर) जाणाऱ्या घरातल्या एका मुलाने विचारले, “बाई, हयसर डझ खंय गेलो?” (इथे ‘डझ’ कुठे गेला?) इथे कर्त्याविषयीच प्रश्न आहे, म्हणून ‘डझ’ येत नाही, हे मला ठाऊक आहे, मात्र ‘कर्ता’ हा शब्द न वापरता ते समजावण्याची युक्ती कोणी वर्गात वापरली असल्यास कृपया उदाहरणासह कळवावी.