मदत हवी आहे: ब्लिओमायसिननंतर फुफ्फुसात फायब्रोसिस एकसारखा येत नाही

सोलापुरात विस्टार जातीच्या रॅटवर मुद्दाम फायब्रोसिस (फुफ्फुसात व्रणासारख्या घट्ट ऊती) घडवून त्यावर काम चालू आहे, नैतिक समितीची मंजुरी आहे. ब्लिओमायसिन (फुफ्फुसाला इजा करू शकणारं कर्करोगाचं औषध) ५ युनिट प्रतिकिलो, २०० मायक्रोलिटर सलाइनमधून श्वासनलिकेत एकदाच. २१व्या दिवशी मॅसन ट्रायक्रोममध्ये (कोलॅजेन निळं दाखवणारी रंगवण्याची पद्धत) फुफ्फुसाच्या एका खंडात निळ्या कोलॅजेनचे जाड पट्टे, शेजारचा खंड मात्र जाळीसारखा मोकळा! साहजिकच हायड्रॉक्सिप्रोलीनचे (कोलॅजेन किती आहे ते दाखवणारं अमिनो आम्ल) आकडेही विखुरतात. मात्रा मिलिग्रॅममध्ये नव्हे, युनिटमध्येच मोजली आहे (इथे बरेचजण फसतात). द्रव एकाच बाजूला उतरतोय असा दाट संशय आहे.

द्रवामागून हवा किती सोडता? रॅट उभा धरून किती वेळ फिरवता? हायड्रॉक्सिप्रोलीनला पूर्ण फुफ्फुस घेता की एकच खंड? वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं की प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यावा लागतो. एकही जीव वाया जायला नको, म्हणून कृपया नेमकं सांगा.