पाऊल पडते, पण नसेचा आलेख उलटा

प्रश्न : उजवे पाऊल उचलता न येणाऱ्या (पाऊल ‘पडणाऱ्या’) रुग्णाच्या पेरोनिअल नसेला, म्हणजे पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंच्या नसेला, घोट्यापेक्षा गुडघ्याजवळ विजेचे उद्दीपन दिल्यावर पावलावरील स्नायूचा प्रतिसाद नेहमीच्या उलट मोठा आला, याचा अर्थ कसा लावावा?

उत्तर : पावलाच्या पाठीवरील छोट्या स्नायूला काहींमध्ये जादा पेरोनिअल शाखा मिळते. ती बाहेरच्या घोट्यामागून जात असल्याने घोट्यावरच्या नेहमीच्या उद्दीपनात सुटते. बाहेरच्या घोट्यामागे उद्दीपन देऊन पाहा. तिथे प्रतिसाद आला, तर ती जन्मजात रचना समजावी.

दुसरे उत्तर : सहमत आहे, मात्र पाऊल का पडते, हे त्यातून उलगडत नाही. नडगीच्या पुढच्या स्नायूवरूनही नोंद घ्यावी. संवेदी (स्पर्श जाणवणाऱ्या तंतूंचा) प्रतिसाद शाबूत असल्यास एल५ मुळाचा (कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या पाचव्या नसमुळाचा) विचार करावा आणि सुईच्या तपासणीत (स्नायूत सुई घालून विद्युत नोंद घेताना) टिबिआलिस पोस्टेरिअर हा नडगीमागचा स्नायू अवश्य पाहावा, कारण त्याला एल५ मुळाचे तंतू मिळतात, पण पेरोनिअल नस पुरवठा करत नाही.

प्रश्नकर्ता : घोट्यामागे प्रतिसाद मिळाला. आता सुईची तपासणी करतो.