लांड्सहूटच्या युद्धाचं खापर एलिझाबेथच्या माथी का?

नदीकाठ (धागा)
बव्हेरियावरच्या आपल्या आधीच्या गप्पांत एक वाक्य आलं होतं: "बाईच्या हट्टापायी मुलूख जळला." रोख होता लांड्सहूटच्या एलिझाबेथवर, जिच्या वारसाहक्कावरून १५०४-०५ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियात युद्ध पेटलं. ते मला साफ अन्यायाचं वाटतं.

तिचा बाप गेऑर्ग, बव्हेरियाच्या लांड्सहूट भागाचा ड्यूक, ओळखच मुळी 'श्रीमंत गेऑर्ग' अशी. पोलंडच्या हेडविगशी त्याचं १४७५ साली झालेलं लग्न लांड्सहूटमध्ये आजही दर चार वर्षांनी थाटात उभं करतात. पण वारस मुलगा जगला नाही. राहिल्या दोन मुली, त्यातली धाकटी नन झाली. १४९६ मध्ये गेऑर्गनं मृत्युपत्र करून थोरलीला, एलिझाबेथला वारस नेमलं आणि १४९९ मध्ये तिला तिच्या आतेभावाला, ऱ्हाइनकाठच्या फाल्ट्स संस्थानातल्या रुप्रेख्टला दिलं. १ डिसेंबर १५०३ रोजी गेऑर्ग वारला तेव्हा तिचा धाकटा फिलिप तीन आठवड्यांचाही नव्हता, थोरला ओटहाइन्रिश दीड वर्षाचा. बापानं लिहून दिलेलं या ओल्या बाळंतिणीनं मागितलं, यात हट्ट कसला?

कागदपत्र
मान्य नाही. बापाला ते लिहून द्यायचा अधिकारच नव्हता. ड्यूकपद ही पवित्र रोमन (जर्मन) साम्राज्याची जहागीर, घरातला दागिना नव्हे. १३२९ च्या पाव्हियाच्या करारापासून बव्हेरिया आणि फाल्ट्स दोन्हीकडे राज्य करणाऱ्या विटल्सबाख घराण्यात ठरलेलं होतं की एका शाखेत पुरुष वारस नसला तर मुलूख घराण्यातल्या दुसऱ्या शाखेकडे जायचा. बव्हेरियाच्या दुसऱ्या, म्युनिक शाखेचा ड्यूक अल्ब्रेख्ट चौथा हयात होता, त्याला मुलगे होते. गेऑर्गनं हे सगळं माहीत असून मृत्युपत्र केलं.

नदीकाठ
मग रुप्रेख्ट कोण होता? तोही विटल्सबाखच की!

कागदपत्र
फाल्ट्सचा विटल्सबाख. बव्हेरियातली शाखा जिवंत असताना फाल्ट्सवाल्यांची पाळी येतच नाही. आणि निकाल लागेपर्यंत कारभार मुलखातल्या सरदार-नगरांच्या प्रतिनिधींनी पाहायचा असं ठरलं होतं. ते मोडून एप्रिल १५०४ मध्ये लांड्सहूट आणि बुर्गहाउझेन कुणी ताब्यात घेतलं? एलिझाबेथ आणि रुप्रेख्टच्याच माणसांनी. त्यानंतर जी गावं जळली त्यांचा काय गुन्हा होता? त्या शेतकऱ्यांबद्दल या धाग्यात एक शब्द नाही, याचं मला वाईट वाटतं.

उंबरठा
तुम्ही दोघं साम्राज्याच्या राजाला सोडून बोलताय. निकाल देणारा माक्सिमिलियान, आणि अल्ब्रेख्टची बायको कुनिगुंडे ही त्याची सख्खी बहीण! एवढ्यावरच थांबला असता तर एक वेळ ठीक होतं. पण न्याय करता करता त्यानं स्वतःचाही वाटा काढला: कुफश्टाइन, किट्सब्यूएल, राटेनबेर्ग. तिन्ही ठिकाणं आज ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये आहेत ती त्यामुळेच. जो वादातून स्वतः कमावतो त्याच्या निकालाला मी तरी निवाडा म्हणणार नाही.

आणि तारखा पाहा. २० ऑगस्ट १५०४ ला रुप्रेख्ट हगवणीनं गेला. १५ सप्टेंबरला एलिझाबेथही त्याच दुखण्यानं गेली, जेमतेम सव्वीस वर्षांची. माक्सिमिलियाननं भल्यामोठ्या तोफा लावून कुफश्टाइन पाडलं ते ऑक्टोबरात. तिथला किल्लेदार पिएन्त्सेनाऊ याचा शिरच्छेद झाला. ज्या बाईचा म्हणे हट्ट होता, ती महिन्याभरापूर्वीच गेलेली होती. लढाई तरी चालूच!

कागदपत्र
राजाचा स्वार्थ मी नाकारत नाही. पण त्यामुळे अल्ब्रेख्टचा हक्क खोटा ठरत नाही. आणि अल्ब्रेख्टनं पुढे १५०६ मध्ये कायदाच केला की ड्यूकपद थोरल्या मुलाकडे जाईल, मुलखाची वाटणी होणार नाही. पिढ्यान् पिढ्या चाललेली तुकडेबाजी त्यानं थांबवली. मृत्युपत्र खरं धरलं असतं तर लांड्सहूटचा मुलूख फाल्ट्सकडे गेला असता आणि बव्हेरिया दुभंगलेलाच राहिला असता.

नदीकाठ
ते अल्ब्रेख्टला एलिझाबेथशी भांडताना सुचलं नव्हतं, जिंकल्यावर सुचलं. आणि तिचा हक्क इतका पोकळ होता, तर १५०५ मध्ये कोलोनच्या निवाड्यात राजानं तिच्या दोन अनाथ पोरांसाठी डान्यूबकाठी नॉयबुर्गचं नवं संस्थान का काढून दिलं? हरलेल्या बंडखोरांच्या मुलांना कुणी राज्य देत नाही.

कागदपत्र
युद्ध मिटवायला दिलं. ती तडजोड होती, हक्काची कबुली नव्हती.

नदीकाठ
कबुली नसेल, पण रिकाम्या हातांशी तडजोड होत नाही. ओटहाइन्रिश पुढे १५५६ मध्ये फाल्ट्सचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या राजांपैकी एक झाला. हायडेलबर्गच्या किल्ल्यातला त्याच्या नावाचा महाल बघायला आजही लोक जातात. त्याच्या हातात पहिला मुलूख आला तो आईच्या दाव्यातून.